हात मागं

म्हातारी माणसं सांभाळायचं शिक्षण घ्यायला मी जर्मनीला निघाले, तेव्हा गल्लीत माझं जे हसं झालं, ते मी कुणाचा हात धरून पळून गेले असते तरी झालं नसतं. परदेशात लोक डॉक्टर व्हायला जातात, इंजिनिअर व्हायला जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण म्हातारी सांभाळायला शाळा? समोरच्या गौराक्का तर तोंडाला पदर लावून उंबऱ्यावरच बसल्या. "आगं जैनू, त्येची बी शाळा असती व्हय? मग आमी सासू-सासरं काय बिनशाळेचंच सांभाळलं म्हन की!" पोटभर हसून झाल्यावर मात्र त्यांनी मनातलं बोलून घेतलं. "सोत्ताचा बाप हातरुणात हाय, आणि ही चालली दुसऱ्याच्या बापाला न्हाऊ घालाय." हे वाक्य माझ्याबरोबर थेट जर्मनीपर्यंत आलं. त्याला तिकीटही लागलं नाही.

माझे अब्बा कल्हईवाले. घराचा पुढचा सोपा हेच दुकान, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. घड्याळ घरात होतं, पण त्याच्याकडे बघायची कुणाला गरज नसायची. भात्याचा फुस्स-फुस्स आवाज सुरू झाला की शाळेची वेळ झाली, आणि तापलेलं भांडं पाण्याच्या बादलीत बुडून चर्र झालं की समजायचं, आता अब्बा जेवायला उठणार. नवसागराचा पांढरा धूर आमच्या केसांत, दप्तरात, ईदच्या नव्या कपड्यांत सुद्धा बसलेला असायचा. अब्बांचा आवाज भात्यापेक्षा मोठा. कुणी न घासलेलं पातेलं आणून ठेवलं की ते गिऱ्हाइकाची गय करत नसत. "वैनी, ह्ये पातेलं हाय का तवा हाय? आदी घासून आणा, मग बोलू." बायका शिव्या घालत परत जायच्या आणि घासून परत इथंच यायच्या, कारण अब्बांची कल्हई वर्ष वर्ष टिकायची.

घरात आम्ही अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलायचो. भांडण मात्र निव्वळ कोल्हापुरीत. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण आमची ती हिंदी छापली तर खऱ्या हिंदीवाल्यांना झीट येईल. रोजचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. दालचा असो, अंबाडीची भाजी असो, पहिला घास तोंडात गेला की अब्बा म्हणायचे, "मीठ कमी हाय." आणि अम्मा तव्यावरची भाकरी न सोडता म्हणायची, "जिभेला कल्हई करून घ्या, म्हंजे लागंल." बरोबर इतकंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्हा भावंडांना वाटायचं, बिस्मिल्लानंतर हेही म्हणावंच लागतं.

एके सकाळी अब्बा भट्टी पेटवायला उठले आणि उठताच खाली बसले. अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजव्या पायात जोर राहिला नाही, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आले ते खाटेवरच. तेव्हापासून आम्ही त्यांची जी सेवा केली, ती बघायला नातेवाईक जयसिंगपूरहून यायचे. माझा भाऊ सलीम बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला होता, तो सुटीला आला की अब्बांना उचलूनच न्हाणीत न्यायचा. अम्मा घास भरवायची. मी गुंड्या लावायची, चहा फुंकून बशीतून पाजायची. डावा हात धड होता, पण उलट्या हातानं खाणं हे अब्बांच्या लेखी पाप, आमच्याही लेखी. त्यांना इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान! जेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते मान भिंतीकडे फिरवायचे. अम्मा म्हणायची, तिखट झालं असंल. मग तिनं तिखट कमी केलं, आणखी कमी केलं, शेवटी सगळं जेवण पेजेसारखं झालं. आणि इतकं होऊनही अब्बा मिठाबद्दल अवाक्षर काढत नव्हते. बोलायला जमत होतं, चार-दोन शब्द यायचे. पण त्यांनी बोलणंच टाकलं होतं. भाता सोप्यात खुंटीला टांगलेला होता आणि त्याच्यावर धूळ बसत होती.

मी मॅट्रिकनंतर मिशनच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून जात होते. तिथल्या जर्मन सिस्टरबाईंनी माझ्यासाठी तिकडच्या शाळेला पत्र लिहिलं. वृद्धाश्रम आणि शाळा एकाच आवारात, तीन वर्षं शिकायचं, राहणं-खाणं त्यांचं. अम्मा म्हणाली, पोरीच्या जातीला येवढ्या लांब न्हाई. सलीम म्हणाला, बघू. मी म्हणाले, अब्बांना टाकून मी जाणारच नाही. तेव्हा खाटेवरून आवाज आला, "जाऊ दे." सगळे वळून बघायला लागले. अब्बांनी डावा हात माझ्याकडे केला आणि फार कष्टानं पुढचं बोलले, "शिक. आणि ये." मी त्याचा अर्थ असा घेतला, की मला बरं करायचं शिकून ये. माझ्या डोक्यावर तेवढं एकच ओझं होतं. अब्बांना माणसात आणायचं.

जर्मनी म्हणजे बटाटे. उकडलेले बटाटे, कुस्करलेले बटाटे, बटाट्याचं सूप, आणि रविवारी काहीतरी खास म्हणून बटाट्याचे गोळे. अम्मानं दिलेल्या कांदा-लसूण चटणीच्या बरणीवर मी कसे दिवस काढले ते मलाच ठाऊक. भाषेचे तर हालच होते. पण मनात धाकधूक नव्हती, कारण म्हाताऱ्यांची सेवा मला कोण शिकवणार? आमच्या हाडातच ती. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे फ्राऊ लिंडे, म्हणजे लिंडेबाई, नावाची म्हातारी दिली. ऐंशीच्या घरातली, बेकरीवाल्याची बायको, आणि योगायोग बघा, तिचंही उजवं अंग गेलेलं. मी बाह्या सरसावल्या. सकाळी तिला उठवलं, पुसलं, स्वेटरची चारही बटणं पटापट लावली, केस विंचरले, सूप भरवलं, तोंड पुसलं. बाकीच्या मुलींची म्हातारी माणसं अजून मोजे शोधत होती आणि माझी बाई नवरीसारखी तयार! ती सूप माझ्या एप्रनवर थुंकली, पण मी म्हटलं, असू दे, म्हातारं माणूस आहे. आता शाब्बासकी कशी घ्यायची याचा विचार करत मी आमच्या मास्तरीणबाईंपुढे, फ्राऊ केलरपुढे, उभी राहिले.

फ्राऊ केलर उंच, हडकुळी, आवाज कधी न चढवणारी बाई. आमच्याकडे न ओरडता कुणी रागावतं हे मला माहीतच नव्हतं, त्यामुळे ती रागावली आहे हे कळायलाच मला वेळ लागला. ती म्हणाली, "आज तू सहा चोऱ्या केल्यास." मला वाटलं, माझी जर्मन चुकते आहे. तिनं बोटांवर मोजून दाखवलं. "चार बटणं, एक कंगवा, एक चमचा. या गोष्टी करायला त्या बाईला एक हात उरला आहे. तू तिच्याकडून तो पण काढून घेतलास." मी पेटले. चोरी? आमच्या घराण्यात कुणी सुतळीचा तोडा उचलला नाही! मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी तिला सुनावलं, की आमच्याकडे मोठ्यांना काम करू देणं म्हणजे लाज, आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना फुलासारखं ठेवतात. ती शांतपणे म्हणाली, "फुलासारखं? म्हणजे तोडून?" शिक्षा अशी झाली, की आठवडाभर मी फ्राऊ लिंडेच्या खोलीत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. ती पडायला लागली तरच हात पुढे. नाहीतर हात मागे.

एवढी कठीण शिक्षा मला उभ्या जन्मात झाली नाही. फ्राऊ लिंडे डाव्या हातानं बटण पकडायची, ते सुटायचं, पुन्हा पकडायची. माझी बोटं पाठीमागे एकमेकांना चिमटे काढत होती. पहिलं बटण लागेपर्यंत बाहेर दूधवाला येऊन गेला. चारही लागली तेव्हा तिनं माझ्याकडे अशी मान ताठ करून बघितलं, की जणू किल्ला घेतला. मग सूप. चमच्याच्या मुठीला कापड गुंडाळून जाड केलेलं, थाळीखाली ओलं फडकं म्हणजे थाळी सरकत नाही. निम्मं सूप हनुवटीवरून खाली आलं. पण ती थुंकली नाही. उलट दोन घोट पोटात गेल्यावर नाक उडवून म्हणाली, "पाणचट आहे."

तिचं ते 'पाणचट' ऐकलं आणि मला आमची खाट दिसली, भिंतीकडे फिरवलेली मान दिसली. अब्बा तिखटानं रडत नव्हते. ज्या माणसानं सगळ्या पेठेची भांडी उजळली, त्याच्या तोंडात आम्ही दिवसातून दोनदा घास कोंबत होतो आणि त्याला प्रेम म्हणत होतो. मी तिथेच रडायला लागले. फ्राऊ लिंडे मला म्हणाली, "रुमाल माझ्या खिशात आहे. पण थांब, मी काढते." त्याला बराच वेळ लागला. तोवर माझं रडून संपलं होतं.

मी लगोलग घरी पत्र लिहिलं. अब्बांना डाव्या हातानं खाऊ द्या, गुंड्या त्यांच्या त्यांना लावू द्या, सगळं समजावून चार पानं. उत्तर सलीमच्या अक्षरात आलं, पण बोली अम्माची होती. "तिकडल्या म्हाताऱ्यांस्नी लेकी-सुना नसतील, म्हणून ती बिचारी आपल्या हातानं खात्यात. आमी अजून जित्या हाय. तू तुझ्या तब्येतीला जप. चटणी पाठवू का?" मी कपाळावर हात मारला. चटणी मात्र मागवली. त्या चटणीतली चिमूटभर फ्राऊ लिंडेनं हट्टानं बटाट्यावर घालून घेतली, घामाघूम झाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली.

तिची ती बटाट्याची फळी मी कधी विसरणार नाही. फळीला खालून खिळे ठोकून त्यांची टोकं वर काढलेली. त्यावर बटाटा रोवायचा, म्हणजे एका हातानं सोलता येतो. तिला कुणी सोलायला सांगत नव्हतं. पण ती रोज स्वयंपाकघरात जाऊन पाच-सहा बटाटे सोलायची आणि मगच जेवायची. मला म्हणायची, "एक हात नसला तर दुसरं काहीतरी धरायला शोधायचं, इतकंच." दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शाळेनं पाच आठवड्यांची सुटी दिली तेव्हा माझ्या पेटीत अत्तराच्या बाटल्या नव्हत्या की घड्याळं नव्हती. जाड मुठीचे दोन चमचे होते. पेटी उघडल्यावर गल्लीची फारच निराशा झाली.

अब्बा आणखी बारीक झाले होते. मला बघून डोळे भरले, पण शब्द एक नाही. पहिल्या दुपारी अम्मा घास भरवायला बसली, तशी मी थाळी त्यांच्यापुढे ठेवली, खाली ओलं फडकं घातलं, डाव्या हातात चमचा दिला. अब्बांनी चमचा खाली ठेवला. अम्मा कडाडली, "उलट्या हातानं? मुसलमानाचं घर हाय ह्ये!" दारातून गौराक्कांनी री ओढली, "परदेशात जाऊन ह्येच शिकलीस व्हय गं? म्हाताऱ्याला उपाशी ठिवायचं?" दोन दिवस हेच चाललं. मी भरवायचं नाही म्हणायची, अब्बा डावा हात लावायचे नाहीत, आणि अम्मा माझी पाठ फिरली की घास कोंबून मोकळी. माझ्या हातातले दिवस भराभर सरत होते.

मग मी डोकं चालवलं आणि आमच्या मशिदीच्या पेशइमामसाहेबांना बोलावलं. फार मोठे विद्वान नव्हते, पण बोलणं रोखठोक. ते खाटेशेजारी बसले, सगळं ऐकलं आणि अब्बांना म्हणाले, "उस्ताद, देणाऱ्यानं दोन हात दिलते. एक परत नेला. उरलेला काय शोभेला ठिवलाय? मजबुरी असली की त्योच उजवा. बिस्मिल्ला म्हणा आणि खावा की." जाता जाता दारातून वळून म्हणाले, "आणि मशिदीच्या देगच्याला दुसऱ्याकडनं कल्हई करून घेतली हो. म्हैन्यात काळा पडला. तुमची सर न्हाई त्येला." अब्बांच्या भुवया वर गेल्या. कित्येक दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर हललेली ती पहिली गोष्ट.

त्या दुपारी अब्बांनी चमचा उचलला. दालचा होता. पहिला चमचा दाढीत गेला, दुसरा सदऱ्यावर. अम्मा "या अल्ला" म्हणत झेपावली, तसे मी तिचे दोन्ही हात धरून तिच्याच पाठीमागे नेले आणि घट्ट धरून ठेवले. "सोड गं, सोड, उपाशी मरतील त्ये!" अम्मा माझ्यापेक्षा ताकदीची, पण मीही दोन वर्षं जर्मन माणसं उचलली होती. आम्ही दोघी अशा झोंबत असताना तिसरा चमचा तोंडात गेला. अब्बा चावत राहिले. चावत राहिले. मग जड जिभेनं, एकेक अक्षर ओढून काढत म्हणाले, "मीठ... कमी... हाय."

अम्माचे हात माझ्या हातात एकदम ढिले पडले. ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली, रडायला लागली, कोणतं काय ते कळेना. "येवढी वर्सं घशात हात घालून भरवलं, एक शब्द न्हाई बोललं! आणि आज तोंड उघडलं त्ये ह्येच्यासाठी?" मग पदरानं डोळे पुसत उठली आणि मीठ आणायला गेली. जिभेला कल्हई करून घ्या, हे म्हणायचं तिनं दुसऱ्या दिवशीपर्यंत राखून ठेवलं.

आता मीही म्हातारी झाले आहे. परवा माझी सून माझ्या पायात चपला सरकवायला वाकली. मी म्हटलं, पोरी, हात मागं. ती म्हणाली, अम्मी, रिक्षा उभी आहे. सगळ्या गोष्टी या रिक्षापायीच बिघडतात. माणूस वाईट नसतं, त्याला फक्त घाई असते. अम्मालाही प्रेमाची घाईच होती. पण एकदा तिला कळलं, की मग ती माझ्याहून कडक मास्तरीण झाली. अब्बा गुंडी लावायला लागले, की ती स्वतःचे हात पाठीमागे घेऊन उभी राहायची आणि जागच्या जागी डुलायची. गौराक्का मदतीला आल्या तर त्यांनाही दटावायची. आमच्या सोप्यात तेव्हा कुणी अनोळखी आलं असतं, तर त्याला वाटलं असतं या बायकांना कुणी पकडून ठेवलं आहे.

त्या वेळची माझी सुटी संपायला आठवडा राहिला होता. रोज खाटेभोवती दोन-दोन पावलं टाकून सरावलेले अब्बा काठीच्या आधारानं सोप्यापर्यंत आले आणि काठीनंच त्यांनी भात्याकडे खूण केली. मी भाता उतरवला, झटकला. गौराक्का आपलं पातेलं न घासताच घेऊन आल्या, मुद्दाम. पण अब्बांनी आधी घरातलं लहान पातेलं मागितलं, ज्यात त्यांची पेज शिजायची ते. भट्टी पेटली. आता अडचण अशी, की कल्हईला दोन हात लागतात. एका हातानं सांडशीत भांडं धरून जाळावर फिरवायचं, दुसऱ्यानं नवसागर टाकून, कथील लावून कापसानं पुसायचं. मला फ्राऊ लिंडेची फळी आठवली, मी तिवई आणली, विटा रचल्या, तार बांधली. भांडं फिरेना. कुठलीही फळी भांडं फिरवू शकत नाही. अब्बांनी माझा खटाटोप बराच वेळ बघितला आणि मग अम्माकडे बघितलं. ती सवयीनं हात मागे घेऊन उभी होती. "हात... फुडं कर," अब्बा म्हणाले. "सांडशी धर."

इतक्या वर्षांच्या संसारात अम्मा भट्टीला कधी बसली नव्हती, ते पुरुषांचं काम. पण बघून बघून तिला सगळं येत होतं. तिनं सांडशी धरली, मी भाता मारला, पांढरा धूर उठला, आणि अब्बांचा डावा हात पातेल्यात फिरला. चांदीसारखा पट्टा उमटला, मध्येच तुटला, पुन्हा उमटला. "कलतं कर. येवढं न्हाई. आगं, कलतं म्हंजे कळतं का?" अब्बा इतक्या वर्षांचं सगळं ओरडणं एकदम ओरडून घेत होते. चर्र झालं. पातेलं वर काढलं तर एक कड काळीच राहिली होती. अब्बांनी ती काळी कड बोटानं चाचपली आणि गौराक्कांना म्हणाले, "आदी घासून आणा."

निघायच्या दिवशी अब्बा रिक्षात बसून स्टँडवर आले. मुंबईची गाडी लागली होती, मी खिडकीशी बसले होते. ते काठी अम्माकडे देऊन गाडीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी तेच पातेलं माझ्यासाठी फडक्यात बांधायला घेतलं. आधी बांधून आणलं नव्हतं, मुद्दामच. एक टोक दातात, एक डाव्या हातात. गाठ बसेना. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाठ सुटली, पुन्हा सुरुवात. कंडक्टर दारातून डोकावला, "चला की पावणं, डबल बेल देऊ काय?" मग म्हातारा माणूस अडला आहे हे बघून बिचारा भल्या मनानं खाली उतरला आणि त्यानं गाठीला हात घातला.

"हात मागं घ्या!" अम्मा इतक्या जोरात ओरडली, की स्टँडवरचे हमालसुद्धा थांबले. "बांधत्यात की त्ये!"

कंडक्टरनं दोन्ही हात खरोखरच पाठीमागे घेतले. अख्खी गाडी खिडक्यांतून बघत राहिली. अब्बांनी गाठ मारली, तिच्यावर आणखी एक मारली, दातांनी ओढून घट्ट केली आणि पातेलं खिडकीतून माझ्या हातात दिलं. गाडी सुटायला उशीर झाला, पण कुणी तक्रार केली नाही. ती गाठ मुंबईत सुटली नाही, विमानात सुटली नाही. जर्मनीत फ्राऊ लिंडेच्या समोर बसून सोडायला घेतली, तेव्हा ती म्हातारी डावा हात पुढे करणार होती, पण मी तिला म्हटलं, हात मागे. शेवटी मलाच गाठीला दात लावावे लागले.